सुनंदाच्या दीर्घिकेचे तेज

शेणवा, सोमवार, १२ जानेवारी

पंप सुरू होताच शेजारचा रेडिओ खरखरतो, हे कोणाला ठाऊक नाही? माझी विद्यार्थिनी, धसईची सुनंदा, आमच्या रेडिओ दुर्बिणीत येणारी तीच खरखर दोन वर्षे दीर्घिकेची समजली. दिवसा घेतलेल्या निरीक्षणांत तिच्या अंधुक दीर्घिकेचे केंद्र एका आठवड्याआड उजळे. शेतीला दिवसा वीजही एका आठवड्याआडच येते, एरवी रात्री.

आज तिच्या प्रबंधाच्या सादरीकरणात सर्वांसमोर विचारले, "तुझे वडील भाताला पाणी कधी लावतात, गो?"

"या आठवड्यात दिवसा, सर. मागल्यात रातचे जागले," ती हसली. मग तिने तेजाचा आलेख पाहिला. "म्हंजे हा दुर्बिणीजवळचा पंप? तुमाला कधी कळलं, सर?"

मला दिवाळीतच कळले होते. तरी प्रबंध पूर्ण लिहू दिला. धडा पक्का बसावा म्हणून? खोटे. तिचा चेहरा पडताना पाहायचा होता.

चाचणी अगदी सोपी होती. पंप चालू असताना दुर्बीण दीर्घिकेशेजारच्या रिकाम्या आकाशाकडे वळवावी. तिथेही तेवढेच तेज वाढले, तर ते दीर्घिकेचे नव्हे. उद्या तिने स्वतः करून पाहावी.