कोरड्या तळ्यात शिकलेली गाडी

मंगळवार, वैशाख

दूध संघातली नोकरी सोडून पार्सलची गाडी चालवायची का? दुपारी मेहुणा बापू किल्ली देऊन गेला. "दाजी, उद्या माजलगावची फेरी तुमची. भेता कावून? तळ्यात तर लई बेस चालवली."

तळं आटलं म्हणून तिथे शिकलो. तिथे समोरून कोणी येत नाही. रस्त्यावर येईल. पार्सलं नसली की पैसेही नाहीत. संघाचा पगार ठरलेला. पण जनावरांना चारा नाही, दूध रोज कमी येतंय. की जायची हौस आहे म्हणून दुष्काळाचं नाव घेतोय?

संध्याकाळी किल्ली परत द्यायला निघालो. बापूच्या दारात माझ्याच तोंडून निघालं, "डिझेल भरलंय ना?"

घरी आल्यापासून किल्ली मुठीतून खाली ठेववत नाही.