सातव्या रांगेचा नमुना

३ तारीख, सोमवार
पोचले एकदाची! बदलीचा कागद आला तेव्हा ताई म्हणाली होती, अगं, जगाच्या टोकाला फेकलंय तुला. टोक असेल तर असो, पण खिडकीत बसल्या बसल्या खाडी दिसते. घरमालकीण काकू ठेंगण्या, गोऱ्या, आणि तोंडाचा पट्टा कधी बंद नाही. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली त्यांनी कागदाची घडी सारली आणि साखर किती हे न विचारता चहा बरोबर गोड केला. आरोग्य कचेरीत शिपायाने फ्रीज धुऊन ठेवला होता. खाडीचं पाणी उतरलं की बांबूचे मांडव रांगेने उघडे पडतात. त्यांवर शिंपल्यांतली कालवं वाढवतात. अख्खं गाव त्यांच्यावर जगतं, असं शिपाई अभिमानाने सांगत होता. निरीक्षक म्हणून मला इथे काम तरी काय असणार!

५ तारीख, बुधवार
काम आलं. शहरात एका हेडमास्तरांच्या निवृत्तीचं जेवण झालं. त्रेसष्ट माणसं जेवली, दीड दिवसात एक्केचाळीस जणांना उलट्या-जुलाब. ज्यांच्यासाठी जेवण होतं ते हेडमास्तर काल गेले. दिवसभर फोन करत होते. काय खाल्लं, किती वाजता, पहिली उलटी कधी. एक गृहस्थ कण्हत म्हणाले, बाई, पदार्थांची नावं घेऊ नका, मला पुन्हा उठावं लागेल.
बाबा शिंपी होते. उसवलेल्या कापडाचं कुठे चुकलं ते बघायला ते टाक्याटाक्याने मागे जायचे. माझं कामही तेच. अडतीस जणांनी लिंबू पिळलेली कच्ची कालवं खाल्ली होती. उरलेल्या तिघांनी घरी आजाऱ्यांची उस्तवार केली होती. संध्याकाळी हॉटेलच्या आचाऱ्याने पोत्यावरची चिठ्ठी वाचून दाखवली. खाडी इथली. रांग सातवी.

७ तारीख, शुक्रवार
कालवं भरतात त्या शेडवर गेले. मुकादमाने स्वतः खुर्ची पुसून दिली. मी सातव्या रांगेच्या नोंदी मागितल्या. त्या भिजल्या म्हणे. फक्त त्याच कशा भिजल्या, म्हटल्यावर तो हसला, पण डोळे हसले नाहीत.
बायका बोथट सुऱ्यांनी कालवं फोडत होत्या. सहज एकीला विचारलं, घरी कशी करता हो? शेडमधला सुऱ्यांचा आवाज थांबला. ती म्हणाली, आम्हाला पचत नाहीत. दुसरीला विचारलं. तिलाही पचत नाहीत. तिसरीलाही. परत येताना शिपायाला विचारलं, घरी आल्यावर काकूंना विचारलं. शब्दसुद्धा तेच.
पाच माणसं, एकच वाक्य. जेवण गेलं नाही.

१० तारीख, सोमवार
प्रयोगशाळेचा निकाल आला. आठवड्याच्या नेमाने नेलेल्या नमुन्यांतही विषाणू आहे. कालव दिवसभर पाणी गाळतं, पाण्यात जे असेल ते पोटात साठवतं. स्वच्छ पाण्यात चार दिवस ठेवूनही हा जात नाही. सकाळी शेडच्या दारावर बंदीचा हुकूम चिकटवला. दुपारी तो नव्हता. पोती नेहमीसारखी ट्रकमध्ये चढत होती. पोलीस चौकीत उत्तर मिळालं, साहेब रजेवर आहेत.
दूधवाला आला नाही. वाण्याने माझ्यापुढच्या बाईला तांदूळ मोजून दिले आणि माझ्या तोंडावर फळी ओढली. काकूंनी चहा दिला नाही. किती दिवस राहणार, एवढंच विचारलं.

११ तारीख
कचेरीतला फ्रीज बंद. नवे नमुने कोमट, वास मारतायत. शिपाई म्हणतो, रात्रभर वीज नव्हती. त्याच विजेवरचं भिंतीवरचं घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं. मी घड्याळाकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं.
ताईचा फोन आला. म्हणाली, जीव महत्त्वाचा, निघून ये. मी हो म्हणणार होते. तेवढ्यात शहरातून फोन आला, हेडमास्तरांची नात गेली. चार वर्षांची. तिने आजोबांच्या ताटातलं एकच कालव खाल्लं होतं.
आता कशी निघू?

१२ तारीख
सकाळी पडदा सारला. खाली माणसं उभी. ओरडत नाहीत, दगड मारत नाहीत. नुसती वर बघतायत. शेडमधल्या बायका, कमरेला तेच एप्रन. वाणी. गावातले डॉक्टरसुद्धा. तीस मोजले आणि पडदा ओढला.
दाराला बाहेरून कडी होती. काकू पलीकडून म्हणाल्या, "तुमच्याच भल्यासाठी लावलीय हो. लोक चिडलेत."
दहाला त्यांनीच काढली. जिन्यात शिपाई भेटला. खाली मान घालून सांगून गेला — गावाच्या मैल्याचा नळ तीन वर्षांपूर्वी फुटला, सातव्या रांगेखाली. सगळ्यांना ठाऊक आहे. नळ दुरुस्त करायचा तर कालवं दोन वर्षं बंद.
म्हणून पचत नाहीत.
नळाच्या तोंडाशीच नमुना घ्यायला हवा. तो दाखवला की शहरातले पोलीस येतील. गावातला एक होडीवाला मला न्यायला तयार झाला. म्हणाला, त्याची मुलगी त्या जेवणात वाढायला होती, अजून सलाइनवर आहे.

१३ तारीख, सकाळ
ओहोटी. होडीतून चिखलात उतरून फुटका नळ डोळ्यांनी पाहिला. पाणी घाण, वर फेस. तीन नमुने घेतले. फोन आणि नमुन्यांचा डबा होडीतच ठेवलाय, भिजेल म्हणून — होडीवाल्यानेच सुचवलं.
वळून पाहिलं तर होडी लांब गेलेली.
हाक मारली. त्याने मान वळवली नाही.

तासाभराने
पाणी चढतंय. किनाऱ्यापर्यंत मध्ये खोल पाणी, आणि मला पोहता येत नाही. मांडवावर चढलेय, बांबू करकरतायत. किनाऱ्यावर सगळे — भर उन्हात. मी हात हलवला. एकानेही —
मुलगी बिलगी काही नाही त्याला. नसेलच.

पाय बुडाले. वही नमुन्याच्या पिशवीत घालून वर बांधणार आहे. ज्याला मिळेल त्याने — नळ फुटलाय. सातवी रांग. कच्ची खाऊ नका, जरा वाफवूनही —

होडी येतेय! दोघं आहेत. होडीवाला आणि पुढे — काकू.

काकू हात पुढे करतायत. रिकामा. म्हणतात, "आधी वही द्या. मग हात देते."
पाणी कमरेला. मी लिहितेय ते बघतायत. पुन्हा म्हणतात, वही. वही दिली तर त्या मला —