रांगव अमावस्येच्या फलकास 'खोटं' म्हणण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
मानव उत्क्रांती व लोकजीवन संग्रहालय,
छत्रपती संभाजीनगर.

विषय: आपल्या संशोधिकेने पोळ्याच्या आत आमच्या गावी येऊन, पारासमोर उभे राहून, मोठ्याने 'खोटं' असे म्हणण्याबाबत.

संदर्भ: १) आपल्या दालनातील 'रांगव' हा फलक. २) त्यावरून सरपंचांनी गावात लावलेला फ्लेक्स. ३) अर्जदाराचे दोन्ही गुडघे.

अर्जदार: मोतीराम गणपत दाभाडे, मौजे वाघुरखेडी, अजिंठ्याच्या खालच्या अंगाला. सध्या मुक्काम चिकलठाणा, मुलगा राजेंद्र याच्याकडे, गावातून पळून आलेला.

महोदय,

या अर्जातले काहीही आपण खरे मानणार नाही, हे मी आधीच लिहून देतो. आमच्या भागात कुणालाही विचारा. मोतीराम दाभाड्याच्या तोंडून निघालेल्या गोष्टीवर आजतागायत एकाही माणसाने विश्वास ठेवलेला नाही. आयुष्यभर राबून मी हे नाव कमावले. ते आपल्या संस्थेने धुळीला मिळवले, कारण आपण विश्वास ठेवला. त्याबद्दल हा तक्रार अर्ज.

१. प्रथम रीत समजून घ्यावी. एवढी मोठी संस्था आमच्या रीतीभाती समजून घ्यायलाच काढली आहे म्हणतात. आमच्या पारावर एकाने गोष्ट सांगायची आणि दुसऱ्याने हुंकार द्यायचा. वाक्यागणिक 'हं'. सांगणारा फुगवत फुगवत नेतो. थाप गळ्याखाली उतरेनाशी झाली की हुंकार देणाऱ्याने मोठ्याने 'खोटं!' म्हणायचे. तो शब्द पडला की गोष्ट संपली. लोक हसतात आणि आपापल्या कामाला लागतात. जोवर शब्द पडत नाही तोवर गोष्ट उघडी, आणि उघडी गोष्ट सांगणाऱ्याने निभवायची. त्याने स्वतः 'खोटं' म्हणायचे नाही. म्हणाला तर पारावरची जागा गेली. माझा हुंकारी कडुबा होता. तो मागच्या हिवाळ्यात वारला. तेव्हापासून पारावर सगळे मोबाइलात मान घालून बसतात आणि मी मोकळ्या हवेला गोष्टी सांगतो.

२. अशात उन्हाळ्यात आपल्या डॉ. मृण्मयी मॅडम आमच्या अंगणात आल्या. त्यांनी माझे डोके मोजले, कपाळ मोजले, मग नाक मोजले. नाक मोजले तेव्हा माझे टाळके सरकले, हे नमूद करतो. आमची नाके याआधीही लोकांनी मोजून नेली आहेत; ती परत करायला कुणी आले नाही. तरी मी गप्प बसलो, कारण बाईमाणूस उन्हातून आलेली. माझी सून अमृता तेव्हा शाळेच्या सुट्टीत गावीच होती, तिने चहा ठेवला. मग मॅडम म्हणाल्या, "आजोबा, माणूस मुळात कसा झाला, याबद्दल तुमच्यात काही सांगतात का?" मी म्हणालो, "लई सांगत्यात." त्या म्हणाल्या, "हं."

महोदय, कडुबा गेल्यानंतर तो पहिला 'हं' माझ्या कानावर पडला. पुढे जे झाले त्यास तो 'हं' जबाबदार आहे.

३. मी सांगितले की माणूस पहिल्यांदा दोन पायांवर उभा राहिला तो आमच्या वाघुरखेडीत. मॅडम म्हणाल्या, हं. तोवर सगळे चार पायांवर. आमचा मूळ पुरुष गावाबाहेरच्या बाभळीवर राहत असे. आता बाभळीवर कोण राहील? काटे काय माणूस बघून टोचतात? कडुबा इथेच ओरडला असता. मॅडम म्हणाल्या, हं, आणि "बाभूळ" खाली रेघ मारली. मग मी सांगितले की शेजारणीच्या चुलीवर काय शिजतंय ते भिंतीवरून दिसेना, म्हणून त्याने दोन्ही हात भिंतीवर टेकले आणि मान वर केली. तोच उभा माणूस. मॅडमनी विचारले, "आणि स्त्रिया?" मी म्हणालो, बाया आधीपासूनच उभ्या होत्या, त्यांना बसायला कोण देतं? मॅडमनी चष्मा काढून पुसला. मला वाटले, आता पकडणार. त्या म्हणाल्या, "किती महत्त्वाचं आहे हे."

मग माझाही नाइलाज झाला. मी रांगव अमावस्या काढली. म्हणालो, त्या पहिल्या उभ्या माणसाच्या आठवणीत सगळं गाव वर्षातून एकदा वाघूर नदीपासून पारापर्यंत रांगत जातं, पारापाशी सर्वात म्हातारा माणूस पहिला उभा राहतो आणि शेजारणीला विचारतो, "काय शिजवलं?" आणि हे कधी? तर श्रावण अमावस्येला. महोदय, आमच्या घरात जे काही व्हायचं ते पौर्णिमेला होतं, हे भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघून कुणालाही कळतं. आणि श्रावण अमावस्या म्हणजे पोळा! त्या दिवशी गावातल्या बैलालासुद्धा सवड नसते. बैल झूल घालून, शिंगं रंगवून ताठ उभे, आणि त्यांच्यामधून माणसं चार पायांवर! मी डोळ्यात डोळे घालून बघत होतो. आता म्हण बाई. मॅडम म्हणाल्या, हं, आणि गाडीत बसून गेल्या.

वरील मजकूर खोटा आहे असे मी म्हणत नाही. मला म्हणता येत नाही. तीच तर तक्रार आहे.

४. हा अर्ज सून अमृता हिला मी सांगत आहे आणि ती घरच्या संगणकावर उतरवून घेत आहे. एक वाक्य झाले की ती 'हं' म्हणते, म्हणजे पुढचे सांगा. उशीर होत असल्यास दोष तिचा नाही.

५. नंतर कळले की आपल्या दालनात काचेमागे फलक लागला. मजकूर असा: "रांगव. वाघूर खोऱ्यातील एका समूहात श्रावण अमावस्येस, द्विपाद चालीच्या उदयाचे स्मरण म्हणून केला जाणारा विधी." शेजारी फोटो. फोटोत मी. चार पायांवर.

फोटोचा खुलासा पुढे करतो. आधी गावाचे ऐका. सरपंच सर्जेराव तो फलक बघून आला आणि दुसऱ्या दिवशी वेशीवर फ्लेक्स लागला: "ऐतिहासिक रांगव महोत्सव." खाली सर्जेरावाचा हात जोडलेला फोटो आणि माझा हात टेकलेला. मी त्याला गाठून म्हणालो, अरे, तुला तर ठाऊक आहे. तो म्हणाला, "बाबा, काचंमागं लागलंय म्हंजी खरं. तुमच्या त्या संग्रहालयाचे विद्यार्थी बस करून येनार हायेत, संग एक परदेशी पाव्हणाबी. आता माघार नाय. तुमी फुडं, आमी मागं." माझ्याच वयाचा साहेबराव, ज्याने माझ्या एकूण एक थापा ऐकल्या, तो पाराला टेकून पोरांना सांगतो, "म्या रांगलोय ना लहानपणी. चांगलं आठवतंय." लहानपणी कोण रांगत नाही, महोदय? पण हे त्याला कोण सांगणार! गावातल्या पोरांनी नदीपासूनच्या वाटेवरचे खडे वेचून ठेवलेत, कशासाठी, तर "बाबाच्या गुडघ्याला लागू नये." इतकी काळजी त्यांनी जन्मात कधी घेतली नव्हती.

माझी बायको चंपाबाई म्हणते, "जलमभर लोकांना टांगत ठेवलं, आता रांगा." तीही माझ्याबरोबर चिकलठाण्यास आली आहे, पण माझ्या बाजूने नव्हे.

६. मी आपल्या कार्यालयात दोनदा येऊन गेलो. आपले लिपिक श्री. हिमांशू यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाले, "काका, सोपं आहे. माहिती खोटी होती असं तुम्हीच लिहून द्या, फलक लगेच उतरवतो." मी म्हणालो, ते मला जमणार नाही. ते म्हणाले, "मग माहिती खरी आहे." मी म्हणालो, तेही नाही. ते म्हणाले, "काका, रकाने दोनच आहेत." मी म्हणालो, तुमच्या मॅडमना बोलवा, त्यांनी हुंकार दिला होता, त्यांनी एक शब्द म्हणायचा आहे. तर मॅडम परगावी परिषदेत. तिथे त्या कशावर बोलणार आहेत, तर रांगववर! म्हणजे उद्या ही गोष्ट दुसऱ्या राज्यात जाऊन रांगणार आणि मी इथे तिला निभवत बसणार.

महोदय, आपल्या संस्थेत माणसाच्या कवटीचे वय सांगणारे लोक आहेत. हाडाचा तुकडा बघून तो काय खात होता ते सांगतात. आणि समोर जिवंत बसलेला म्हातारा थापा मारतोय, हे एकालाही सांगता येऊ नये? मेलेल्यांवर इतकी नजर आणि जित्यावर एवढी झापड? याला विद्या म्हणत असाल तर आमचा कडुबा आपल्या खुर्चीत बसायच्या लायकीचा होता. आमच्याविषयी काहीही सांगितले तरी आपल्याला खरे वाटते. बाभळीवर राहतात? असतील. रांगतात? रांगत असतील. हेच मी कोथरूडच्या एखाद्या वकिलाबद्दल सांगितले असते तर मॅडम पहिल्याच वाक्याला हसल्या असत्या. याचा विचार आपण एकांतात करावा. मला उत्तर नको.

७. माझे वडील गणपत दाभाडे धम्मदीक्षा घेऊन गावी परत आले तेव्हा मी लहान होतो, पण एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. त्याआधी चावडीपुढून जाताना ते पायतण हातात घेत आणि कमरेत वाकत. त्या दिवशी पायतण पायात होते आणि पाठ सरळ होती. चावडीवरची माणसे बघत राहिली. वडील घरी येऊन आईला एवढेच म्हणाले, "आज लई उंच वाटलं." आमच्या घराण्यात माणूस दोन पायांवर उभा राहिला तो त्या दिवशी. ही गोष्ट मी मॅडमना सांगितली नाही. सांगायला हवी होती. पण ही गोष्ट हुंकारावर सांगायची नाही.

आणि त्या गणपत दाभाड्याचा मुलगा आज काचेमागे चार पायांवर आहे. खाली नाव, वय आणि 'समूह'.

माझी सून शिक्षिका आहे. ती वर्ग घेऊन आपले संग्रहालय बघायला गेली होती. एका मुलीने काचेला बोट लावून विचारले, "मॅडम, हे आजोबा कोण?" सून म्हणाली, "असतील कोणीतरी." हे वाक्य उतरवताना तिचा 'हं' आला नाही. मी म्हणालो, लिही.

८. सबब मागणी अशी की पोळ्याच्या आत मॅडमना गावी पाठवावे. त्यांनी पारासमोर उभे राहून मोठ्याने, गावाला ऐकू जाईल असे, 'खोटं' म्हणावे. चहा आमच्याकडून. न आल्यास मी पोळ्याच्या दिवशी आपल्या संग्रहालयात येऊन, काचेच्या आत शिरून, फोटोशेजारी दोन पायांवर उभा राहीन. मग तुम्ही लोकांना कोणता मोतीराम खरा ते समजावत बसा.

९. राहता राहिला फोटो. त्याबाबत वस्तुस्थिती अशी की मी मॅडमपुढे रांगलो नाही. दाभाड्याचा मोतीराम आजवर कुणापुढेही रांगलेला नाही. सदर फोटोत मी खाटेखाली माझी चुन्याची डबी शोधत असून, मॅडमनी न विचारता कळ दाबली. डबी पुराव्यादाखल अर्जासोबत जोडत आहे, पाहून परत करावी. त्या दिवशी माझे हात जमिनीला लागले ते केवळ आणि केवळ डबीसाठी, हे मी माझ्या वडिलांची

खोटं!

वरील शब्द माझा नाही. सूनबाईचा आहे. तिने तो मोठ्याने म्हटला आणि मग लिहिलाही. म्हणाली, "मामा, आजोबांची शपथ नको. डबी तुमच्या खिशात होती. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा नदीपासून पारापर्यंत कसं जातात ते तुम्ही मॅडमना अंगणात रांगून दाखवत होता. त्या 'हं' म्हणाल्या की परत एक फेरी मारत होता. इतकं खूश मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं."

आतून चंपाबाई म्हणाली, "गुडघं तवाच गेले."

महोदय, सूनबाईने पहिल्या ओळीपासून हुंकार दिला होता. तिचा शब्द पडला. गोष्ट संपली. हे सर्जेरावाला फोनवर कळवले आहे. फोन सूनबाईने केला, त्यामुळे त्याला फारसे बोलता आले नाही. मॅडमना पाठवू नये. फोटो उतरवावा. फलक राहू द्यावा, मात्र त्याखाली तो शब्द लिहावा, मोठ्या अक्षरात, आणि म्हणणारीचे नाव.

आपला, उभा,
मोतीराम गणपत दाभाडे

चिकलठाणा,
पोळ्याच्या आधीचा मंगळवार

सोबत: काही नाही. डबी परत खिशात ठेवली.