शेरेपुस्तकात नाव नसलेल्या बाईंबाबत

दि. २७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
सातारा.

अर्जदार : नाथाजी जोतिबा चाळके, मुख्याध्यापक, प्राथमिक शाळा, मौजे गव्हाणसडा, जि. सातारा.

विषय : सौ. ब्राह्मी भरतेश मगदूम यांचे नाव शाळेच्या शेरेपुस्तकात घेणेबाबत, तसेच त्यांना बारावीत कमी पडलेल्या एका गुणाबाबत.

संदर्भ : १) आपली शाळाभेट, दि. २१ जानेवारी २०२५.
२) अर्जदाराचा पहिला अर्ज, दि. ११ ऑगस्ट २०२५.
३) आपल्या कार्यालयाचे उत्तर, दि. १४ ऑक्टोबर २०२५.

महोदय,

अर्जदार येत्या रविवारी चौतीस वर्षांच्या नोकरीतून निवृत्त होत आहे. त्यानंतर शाळेच्या शिक्क्यावर त्याचा हक्क राहणार नाही, म्हणून शिक्का हाताशी आहे तोवर हा दुसरा अर्ज सादर केला आहे.

संदर्भ क्र. ३ चे उत्तर अर्जदाराने नीट वाचले. "संबंधित महिलेची कोणतीही नेमणूक नसल्याने त्यांच्या कामाची नोंद घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. गुणांबाबतचा निर्णय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही." नियमाने यातला एकही शब्द चुकलेला नाही. परंतु पहिल्या अर्जात अर्जदाराने एक गोष्ट लपवली होती, ती या अर्जात परिच्छेद ५ मध्ये आहे. तेवढेच वाचून अर्ज बाजूला ठेवला तरी अर्जदाराची तक्रार नाही. क्रमाने वाचल्यास मात्र बाई कोण होत्या ते कळेल.

१. गव्हाणसडा हे पवनचक्क्यांच्या खाली वसलेले बेचाळीस उंबऱ्यांचे गाव. शाळेत चार वर्ग आणि त्या वेळी सतरा मुले. शिक्षकांची पदे दोन, त्यातले दुसरे जून २०२२ पासून रिकामे. अर्जदार एकटा. मतदार याद्या त्याच्याकडे, खिचडी त्याच्याकडे, आणि ऑनलाइन माहिती भरायची तर मोबाईलला रेंज मिळावी म्हणून देवळामागच्या टेकाडावर जायचे तेही त्यानेच. तो टेकाडावर असला की मुले फळ्यावरचे उतरवून घेत आणि मग वाऱ्याचा आवाज ऐकत बसत.

२. त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर भरतेश मगदूम नावाचे तंत्रज्ञ पवनचक्क्यांच्या देखभालीसाठी गावात राहायला आले. शाळेला लागून असलेली बनुबाईंची पडवी त्यांनी भाड्याने घेतली. सोबत पत्नी, सौ. ब्राह्मी. त्या मिरजेकडच्या जैन शेतकरी कुटुंबातल्या. सांगलीत राहून मराठीत एम.ए. केले, मग दोन वर्षांचे बी.एड., मग पहिली ते पाचवीसाठीची टीईटीही पास झाल्या. हे सगळे पहिलीला शिकवता यावे म्हणून. त्या काळात बी.एड. वाल्यांना ते वर्ग खुले होते. त्यांचे वडील रामगोंडा म्हणत, एवढी शिकलीस तर कॉलेजात बघ की. त्यावर बाई म्हणत, "अप्पा, अक्षर पहिल्यांदा ओळखतं तवा पोराचं तोंड बघावं. पुढं सगळ्या परीक्षाच."

एके दिवशी अर्जदार टेकाडावरून परतला तेव्हा बाई शाळेच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, पोरं नुसतीच बसल्यात. तुमी येस्तोवर मी आत बसू का?" अर्जदार म्हणाला, बसा. नेमणुकीचा कागद, आदेश, ठराव असे काहीही झाले नाही. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. अशी सव्वादोन वर्षे गेली.

३. त्या काय करत हे एका उदाहरणाने सांगतो. बनुबाईंची नात प्रांजल पहिलीत होती आणि शाळेत तोंडच उघडत नसे. घरी चुरूचुरू बोलायची. वाचायला सांगितले की मान खाली. अर्जदाराने तिच्या नावापुढे 'प्रगती असमाधानकारक' असे लिहून ठेवले होते. बाईंनी तिच्याशेजारी पाच-सहा दिवस नुसते बसून काढले. मग एकदा फळ्यावर लिहिले : "आजी, म्हस कवा याची?" प्रांजलने पाहिले, ओठ हलवले आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असे वाचले. वाचून म्हणाली, "बाई, ह्ये तर आमच्या आजीचं हाय." तेव्हा उलगडा झाला. पुस्तकात 'म्हैस कधी व्यायची' असते, घरी 'म्हस कवा याची'. पोरीला वाटे की पुस्तकातले बोलणे दुसऱ्या कुणाच्या तरी घरचे आहे आणि ते आपण वाचले तर लोक हसतील. पुढे महिनाभर बाईंनी गावचीच वाक्ये लिहिली आणि हळूहळू त्यांच्या शेजारी पुस्तकातली मांडली. उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत प्रांजल धडा वाचत होती. बनुबाई शाळेत येऊन दाराशी उभ्या राहून ऐकून गेल्या. जाताना म्हणाल्या, "माज्या घरात कुनी वाचल्यालं मी पयल्यांदाच ऐकलं गं बाई."

अर्जदाराला चौतीस वर्षांच्या नोकरीत ही युक्ती सुचली नव्हती.

४. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाचा निकाल आला. प्राथमिक वर्गांना बी.एड. चालणार नाही, त्यासाठी बारावीनंतरची दोन वर्षांची पदविकाच हवी. बाईंनी ती बातमी शाळेच्या ओट्यावर मोबाईलवर वाचली. म्हणाल्या, "म्हणजे गुरुजी, मोठ्यांस्नी शिकवायला मी चालते. बारक्यांस्नी न्हाई." निकाल चुकीचा आहे असे त्या कधीही म्हणाल्या नाहीत. बारक्यांना शिकवणे निराळे, त्याचे शिक्षण निराळेच पाहिजे, असेच त्या म्हणत. मग ठरले, पदविका करायची. एम.ए., बी.एड. झालेली बाई बारावीच्या मुलींशेजारी बसायला आनंदाने तयार झाली.

जून २०२४ मध्ये त्यांनी सांगलीला जाऊन फॉर्म भरला. अर्जदार सोबत होता. खुल्या गटाला बारावीत साडेएकोणपन्नास टक्के लागतात. बाईंना साडेसहाशेपैकी तीनशे एकवीस. तीनशे बावीस असते तर चालले असते. तपासणीच्या टेबलावरच्या गृहस्थांनी दोनदा यंत्रावर आकडेमोड केली. बाईंनी एम.ए.ची प्रथम श्रेणीची गुणपत्रिका पुढे केली. ते गृहस्थ खरोखर हळहळले. म्हणाले, "मॅडम, हितं बारावीच्या फुडचे मार्क भरायला रकानाच न्हाई." बारावीला पुन्हा बसता येईल का, अशी चौकशी केली. गुण वाढवण्याची सवलत लगतच्या परीक्षांपुरती असते. बाईंची मुदत केव्हाच टळली होती.

तो एक गुण कसा गेला, हेही अर्जदाराने विचारले. २०१४ साली परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या आईचे मिरजेत ऑपरेशन झाले होते. बाई रात्रभर दवाखान्यात आणि सकाळी पेपरला, असे चालले होते. अर्थशास्त्राच्या दिवशी आईची पट्टी बदलेपर्यंत थांबल्या, एसटी चुकली, अर्धा तास उशिरा पोचल्या. शेवटचा प्रश्न येत होता, लिहायला वेळ राहिला नाही. आई बऱ्या झाल्या, अजून आहेत. बाई म्हणाल्या, "तवा वाटलं हुतं, एका प्रश्नानं काय हुतंय."

५. आता लपवलेली गोष्ट.

दि. २१ जानेवारीला आपण पूर्वसूचना न देता शाळेत आलात. पहिली-दुसरी बाईंकडे होती. आपण मुलांना वाचायला लावलेत. एकामागून एक सगळी वाचली. एका मुलाला आपण पुस्तकाबाहेरचा, वर्तमानपत्राचा तुकडा दिलात, त्याने तोही अडखळत पुरा केला. आपण खूश झालात हे आपल्या चेहऱ्यावर दिसत होते. मग आपण अर्जदाराला विचारले, "ह्या बाई कोण?"

नेमणूक नसलेल्या व्यक्तीच्या ताब्यात वर्ग दिला, ही कारवाईची बाब. निवृत्तीला दहा महिने उरले होते. अर्जदार म्हणाला, "पालक आहेत साहेब. आहार वाटायला मदतीला येतात."

बाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवला, हात पदराला पुसले आणि खिचडीच्या शेडमध्ये जाऊन वाढायला सुरुवात केली. आपल्या पुढ्यातली थाळीही त्यांनीच ठेवली. आपण त्यांना धन्यवाद म्हणालात. शेरेपुस्तकात आपण लिहिलेत, "मुलांची वाचनाची तयारी उत्कृष्ट. मुख्याध्यापकांचे परिश्रम दिसून येतात." मार्चमध्ये त्याच शेऱ्यावरून अर्जदाराला प्रशस्तिपत्र मिळाले. अर्जदाराने ते घेतले, टाळ्या वाजल्या त्याही घेतल्या.

६. आपण गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई नेहमीप्रमाणे आल्या. आठवडाभर आल्या. चालू असलेला धडा संपवला, आणि शाळा सुटल्यावर म्हणाल्या, "गुरुजी, उद्यापासनं मी येत न्हाई."

अर्जदाराने विचारले, "रागावलात का?"

"न्हाई ओ. तुमी नोकरी संबाळली, त्यात काय चुकलं? पण पालक म्हणालात न्हवं... आमाला मूल न्हाई, गुरुजी. कागदावर मी पालकबी न्हाई."

भरतेशरावांनी पुढच्याच महिन्यात बदली मागून घेतली आणि दोघे शिरवळला गेले.

७. मे महिन्यात अर्जदार शिरवळला जाऊन भेटला. बाई एका कारखान्यात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतात. खोली नीटनेटकी, चहा झाला, घरची चौकशी झाली. अर्जदाराने सांगितले की साहेबांना सगळे खरे लिहून कळवतो, तुमच्या सहीचा अर्ज द्या. बाईंनी सही दिली नाही. म्हणाल्या, "कारखान्यात शिक्षण बारावीच सांगितलंय. जास्त सांगितलं तर घेत न्हाईत. आता कुठं बसलीय घडी. नगा करू अर्ज, गुरुजी. एका मार्कासाठी कोण सही करतंय?" मग बराच वेळ त्या ओट्यावरची भांडी जागेवर लावत राहिल्या. पाठमोऱ्या असल्याने चेहरा दिसला नाही.

तरीही अर्जदाराने ऑगस्टमध्ये अर्ज केला, तोही अर्धवट खरा. त्यात 'एक स्थानिक महिला स्वयंस्फूर्तीने मदत करीत' असे लिहिले. तिथेही हात आखडला. त्यामुळे आपल्या कार्यालयाने जे उत्तर दिले, ते अर्जदाराच्या त्या अर्जाला योग्यच होते.

८. सबब, अर्जदाराच्या मागण्या अशा :

शेरेपुस्तकातील दि. २१ जानेवारीच्या शेऱ्याखाली, मुलांना वाचायला सौ. ब्राह्मी भरतेश मगदूम यांनी शिकवले, एवढे एक वाक्य आपल्या सहीने लिहावे. नेमणूक, मानधन, अनुभवाचा दाखला यातले काहीही मागितलेले नाही.

प्रशस्तिपत्र परत घ्यावे. ते सोबत जोडले आहे.

नेमणूक नसता वर्ग सोपवल्याबद्दल आणि आपणांस खोटी माहिती दिल्याबद्दल अर्जदारावर जी कारवाई होत असेल ती करावी. हा अर्ज हाच कबुलीजबाब समजावा. पेन्शनला बाधा येऊ शकते हे त्याला माहीत आहे. घरी पत्नीला सांगितले आहे.

एका गुणाबाबत आपणांस अधिकार नाही, हे अर्जदारास मान्य आहे. ज्यांना असेल त्यांच्याकडे हा अर्ज पुढे पाठवावा. पाठवून काही होईल असे अर्जदाराला वाटत नाही. सूट एकीला दिली की सगळ्यांना द्यावी लागते, हे त्यानेही वर्गात मुलांना शेकडो वेळा सांगितले आहे. पण कुठल्या तरी फाइलीत हे नाव एकदा तरी लागावे, एवढ्यासाठी ही मागणी ठेवली आहे.

९. शाळेची आजची स्थिती माहितीसाठी नमूद करतो. दुसरे पद रिकामेच आहे. सोमवारपासून पहिलेही रिकामे होईल. पटावर अकरा मुले उरली आहेत. बाकीच्यांना पालकांनी खालच्या गावी घातले. बाई गेल्यापासून अर्जदाराने त्यांच्या पद्धतीने फळ्यावर वाक्ये लिहून पाहिली. मुलांनी पाहिली, पण कुणी वाचायला पुढे आले नाही. पहिलीतली तीन मुले अजून अक्षरे ओळखत नाहीत.

गेल्या रविवारी अर्जदाराने टेकाडावर जाऊन बाईंना फोन केला. निवृत्त होतोय आणि जाण्याआधी खरा अर्ज देतोय, हे सांगितले. कारखान्याच्या गाड्यांचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारले, "पहिलीत नवी किती आल्यात?"

"तीन."

"वाचाया लागली का?"

अर्जदार म्हणाला, "लागली की."

"बरं झालं," असे म्हणून बाईंनी फोन ठेवला.

महोदय, हे या प्रकरणातील अर्जदाराचे दुसरे खोटे विधान आहे. त्याचीही नोंद घ्यावी.

आपल्या सेवेत अजून तीन दिवस असलेला,

(सही व शिक्का)
ना. जो. चाळके
मुख्याध्यापक, गव्हाणसडा

सोबत :
१) शेरेपुस्तकाच्या पानाची छायाप्रत.
२) प्रशस्तिपत्र (मूळ, चौकटीसह).
३) सौ. मगदूम यांच्या बारावी, बी.ए., एम.ए., बी.एड. व टीईटीच्या कागदांच्या छायाप्रती. सांगलीला फॉर्म भरताना काढलेला हा जादा संच शाळेच्या कपाटात राहिला होता. तो जोडण्यास त्यांची परवानगी घेतलेली नाही.