दुरुस्तीसाठी बंद

दादा,

आपलं नाट्यगृह काल पाडलं. बाबांनी सुतारकाम सांभाळून त्याचा रंगमंच बांधला होता, बायकांनी डोक्यावरून विटा वाहिल्या होत्या. चाळीस वर्षं तिथे गावच नाटक करायचं आणि गावच बघायचं.

"दुरुस्तीसाठी सहा महिने बंद ठेवू, तू लोकांना समजाव," असं तूच म्हणालास. मी दारोदार फिरले. माझ्या शब्दावर सगळ्यांनी कुलूप लावू दिलं. नाट्यमंडळाचा अध्यक्ष म्हणून तू मात्र नाट्यगृहाच्या विक्रीवर आधीच सही केली होतीस.

पहिला पडदा शिवणाऱ्या शिंपीणकाकूंनी काल विचारलं, "तुला ठाऊक होतं ना गं?"

हे पत्र मी पाठवणार नाही. तू गोडगोड उत्तर लिहिशील, आणि मी पुन्हा विश्वास ठेवीन.

तुझीच,
धाकटी