पहिला बाक

१ जुलै
उद्यापासून कॉलेज. वय बावन्न, त्याचं काय. सुरुवात दणक्यात झाली की पुढचं आपोआप होतं. ह्यांनी शेवटच्या आजारपणात माझ्यासाठी अर्थशास्त्राची पुस्तकं आणली, स्वतः कव्हरं घातली. उन्हाळ्यातच वाचून संपवली. धाकट्या जावेलाही नाव घालायला लावलंय. दोघींनी पहिल्या बाकावर बसायचं ठरलंय.

२ जुलै
पहिला बाक मिळाला. दुसरं कोणी मागतच नव्हतं. मॅडम अभ्यासक्रम बदलल्याचं काहीतरी बोलल्या. ज्यांनी पुस्तकं घेतली नाहीत त्यांच्यासाठी असावं. मी मान डोलावली.

९ जुलै
मॅडम पुस्तकात नसलेलं शिकवतात. पोर लहान आहे, तयारी कमी पडते. मी पान नंबर सांगून मदत केली. सगळा वर्ग बघत राहिला. छाप पडली.

१४ जुलै
जाऊ मागे जाऊन बसली. पुढे मान दुखते म्हणे. मागच्या मुली तिला काकी म्हणतात, मला मॅडम. चला, आदर तरी आहे.

२१ जुलै, संध्याकाळ
जावेकडे गेले तर तिने घाईने उशीखाली पुस्तक सरकवलं. कोरं, चकचकीत. एका ओट्यावर जन्म काढला आणि आता ही लपवालपवी. विचारलं नाही. विचारणारही नाही.

५ ऑगस्ट
चाचणी. पेपर चुकीचा छापलाय. एकही प्रश्न पुस्तकातला नाही. मला येत होतं ते लिहून आले.

१० ऑगस्ट
मला शून्य. जाऊ वर्गात पहिली. घरी जाऊन सुनावलं, हे गेल्यावर तू तरी माझी राहशील असं वाटलं होतं. ती म्हणाली, वहिनी, ती पुस्तकं दादांनी जुन्या बाजारातून आणली होती. मला म्हणाले, हिला सांगू नकोस, नवी समजून वाचू दे. तुम्ही ती छातीशी धरून यायचात, मी कुठल्या तोंडाने सांगू.
म्हणजे दोघांनी मिळून.
ह्यांच्याशी आता भांडायचीही सोय नाही.

११ ऑगस्ट
मागे बसले. जावेने तिचं पुस्तक दोघींच्या मध्ये सरकवलं. माझं मांडीवर होतं. कव्हर काढलेलं नाही.
मॅडमनी विचारलं, आज मागे का?
म्हटलं, पुढे मान दुखते.