मामाच्या फोटोला जागा नव्हती

तांबरम, चेन्नई

ती. मुकुंदराव यांस,

मधुसूदनचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? (ही चौकशी वरवरची नाही, पुढे कळेलच.) इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून. 'भाचीच्या लग्नाला येईन, पण मागच्या रांगेत परक्यासारखा बसेन' असं तुम्ही कळवल्यापासून तुमची बहीण माझ्याशी बोलत नाही.

तर हकीकत ऐका. आपल्या ऋजुताच्या लग्नाची वेबसाइट करायचं ठरलं. (नुसत्या पत्रिकेवर हल्ली कोणी येत नाही म्हणे.) वेबसाइट करून देणाऱ्या कंपनीचे दोन प्लॅन होते, एक फुकट आणि एक पैसे भरून. तुम्ही मला इतकी वर्षं ओळखता, कुठला घेतला ते सांगायला नको. फुकट ते पौष्टिक! फुकटात वेबसाइटच्या पत्त्याला कंपनीचं नाव चिकटतं. व्याह्यांनी विचारलं, लग्न कंपनीतर्फे आहे का? तेही निभावलं. पण फुकटात कंपनी आपल्या मर्जीनं जाहिरातही लावते, आणि तिनं मुहूर्ताच्या बरोबर खाली लावली ती एका विवाहमंडळाची: 'अजून मनासारखं स्थळ मिळालं नाही? आजच नाव नोंदवा!' वर ऋजुता आणि विजयेंद्र हसतायत, खाली हे. लगेच विजयेंद्रच्या आजीचा, अन्नपूर्णाबाईंचा फोन. (तंजावरचं घराणं. एरवी आपल्यापेक्षा जुनं मराठी बोलतात, रागावल्या की फक्त तमिळ.) फोन सबंध तमिळमध्ये झाला. मला त्यातलं 'अय्यय्यो' तेवढं कळलं आणि तेवढं पुरलं.

फोटोंचंही तेच. फुकटात मोजकेच बसतात. वरपक्षाचा मान आधी, म्हणून त्यांचे काका, आत्या, आत्यांचे यजमान सगळे लावले. शेवटी एक जागा उरली आणि उमेदवार दोन, गणपती आणि तुम्ही. मी गणपती लावला. तो रुसला तर कार्यात विघ्न, तुम्ही काय, घरचे! झालं नेमकं उलट. गणपती काही बोलला नाही.

काल मुकाट्यानं पैसे भरले. जाहिरात गेली, कंपनीचं नाव गेलं आणि तुमचा फोटो थेट पहिल्या पानावर आला. आता राग सोडा. ऋजुताला तुम्ही एकुलते एक मामा.

आपला,
मधुसूदन

ता. क. फोटो पहिल्या पानावर लावला तो अन्नपूर्णाबाईंच्या सांगण्यावरून. त्यांना तुमचे खांदे बघायचे होते. त्यांच्याकडे एकमेकांना हार घालताना वधूवरांना आपापल्या मामानं खांद्यावर उचलून घ्यायचं असतं. विजयेंद्रचे मामा हवाई दलात आहेत. तुमचा फोटो बघून आजी एवढंच म्हणाल्या, "माणूस बरा दिसतो. उचलील काय?"

आणखी ता. क. दुसरं कोणीतरी उचलेल, असं मी सुचवून पाहिलं. ऋजुता म्हणाली, "मुकुंदमामा नसेल तर मी खालीच उभी राहीन. हार पोचला नाही तरी चालेल." आणि पोरीनं चेन्नईत राहून रात्रीचा भात सोडलाय, मुकुंदराव. तुमच्या गुडघ्यासाठी.